ल्युटेशियमचा उपचार: एकाला गुण येतो, दुसऱ्याला येत नाही, असं का?

कराडच्या एका ताईंनी विचारलंय: वडील ७२ वर्षांचे, एसटीचे निवृत्त चालक. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरलाय. हार्मोनचं इंजेक्शन चालू आहे, अ‍ॅबिराटेरोनच्या गोळ्या झाल्या, डोसेटॅक्सेलची केमो झाली, तरी पीएसए (या कॅन्सरचा अंदाज देणारा रक्तातला आकडा) पुन्हा चढतोय आणि कंबर रात्री झोपू देत नाही. डॉक्टरांनी ल्युटेशियम सुचवलंय. ओळखीतल्या एका काकांना त्यानं इतका गुण आला की ते परत शेतावर जाऊ लागले. दुसऱ्या एका गृहस्थांचे दोन डोस झाले आणि तिसऱ्या महिन्यात ते गेले. मग खरा अनुभव कुठला धरायचा? त्रास किती होतो? घरात दीड वर्षाचं नातवंड आहे, त्याचं काय? आणि बाबांना अजून ‘हाडं झिजलीत’ एवढंच सांगितलंय.

ताई, दोन्ही अनुभव खरे आहेत, आणि त्यांतला फरक निव्वळ नशिबाचा नाही. त्या दोघांचे पेट स्कॅन आणि रक्ताचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले असते, तर कुणाला फायदा होण्याची शक्यता जास्त आहे हे पहिल्या डोसच्या आधीच बऱ्यापैकी सांगता आलं असतं. म्हणून लोकांचे अनुभव जरूर ऐका, पण ऐकताना विचारा: स्कॅनमध्ये काय दिसलं होतं? हिमोग्लोबिन किती होतं? आधी कायकाय उपचार झाले होते? हे ठाऊक नसेल तर त्या अनुभवावरून तुमच्या बाबांबद्दल काहीच ठरवता येणार नाही.

मी न्यूक्लिअर मेडिसिनची, म्हणजे किरणोत्सर्गी औषधांनी तपासणी आणि उपचार करणारी, डॉक्टर आहे आणि हे डोस देणं माझं नेहमीचं काम आहे. पुढे ज्या रुग्णांबद्दल लिहितेय त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधी औषध काय करतं ते. प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर पीएसएमए नावाचं प्रथिन भरपूर असतं. त्या प्रथिनाला जाऊन चिकटणारा एक छोटा रेणू जर्मनीत हायडेलबर्गच्या कॅन्सर संशोधन केंद्रात तयार झाला. त्याला पीएसएमए-६१७ म्हणतात. त्याच्या टोकाला ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य जोडलं की औषध तयार. शिरेतून दिलं की ते शरीरभर फिरतं, जिथे पीएसएमए असेल तिथे चिकटतं आणि तिथल्या तिथे किरण सोडतं. त्यातल्या बीटा किरणांची धाव जास्तीत जास्त दोन मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे मार बसतो तो गाठीला आणि तिच्या अगदी लगतच्या भागाला. मात्र लाळग्रंथी, अश्रुग्रंथी आणि मूत्रपिंडंही हे औषध धरून ठेवतात. तोंड कोरडं पडतं ते त्यामुळेच.

हा उपचार आपल्याकडे नवखा नाही. अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली मार्च २०२२ मध्ये, पण भारतातली काही केंद्रं त्याच्या बऱ्याच आधीपासून तो देत आली आहेत. ल्युटेशियम आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून किरणोत्सर्गी औषधांचंच काम करतंय. तेव्हा ‘प्रयोग करतायत की काय’ ही भीती मनातून काढून टाका.

आता अनुभव वेगळे का येतात ते. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावरच.

पहिली गोष्ट पीएसएमए पेट स्कॅन. गॅलियम-६८ हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य वापरून हा स्कॅन करतात. ज्या गाठी त्यात ठळक उजळतात, तिथे ल्युटेशियम पोचणार. ज्या उजळत नाहीत, तिथे ते पोचणारच नाही, कितीही डोस द्या. ज्या मोठ्या अभ्यासावरून अमेरिकेनं मान्यता दिली, त्या व्हिजन चाचणीत हजारभर रुग्णांचा स्कॅन झाला आणि त्यातले सुमारे ८७ टक्के या उपचाराला योग्य ठरले. म्हणजे बाकीच्यांना डोस देण्यात अर्थ नाही हे स्कॅननंच सांगितलं. अवघड रुग्ण असतात ते मधले: काही गाठी लख्ख उजळलेल्या, काही अजिबात नाहीत. अशा वेळी आम्ही साखरेचा पेट स्कॅन, म्हणजे एफडीजी, करायला सांगतो. एखादी गाठ एफडीजीत भडक आणि पीएसएमएत फिकी दिसली, तर तिथला आजार आक्रमक आहे आणि ल्युटेशियमला चिकटायला लागणारा पीएसएमएचा पत्ताच तिथून पुसला गेलाय. यकृतातल्या गाठींच्या बाबतीत हे बऱ्याचदा दिसतं.

असे एक गृहस्थ आमच्याकडे आले होते, बाहेरून दोन डोस घेऊन. पीएसए थोडा उतरला होता, पण वजन भराभर घटत होतं आणि यकृताच्या चाचण्या बिघडत चालल्या होत्या. एफडीजी केला तर यकृत गाठींनी भरलेलं, आणि त्यातली एकही गाठ पीएसएमएच्या स्कॅनमध्ये नीट दिसत नव्हती. हाडांतल्या आजारावर औषध काम करत होतं. यकृतातला आजार मोकळा वाढत होता. पीएसए तेवढा पाहणाऱ्या घरच्यांना वाटत होतं, गुण येतोय. ओळखीतल्या ज्या गृहस्थांबद्दल तुम्ही लिहिलंत त्यांचं असंच झालं होतं असं मी म्हणणार नाही, पण तीन महिन्यांत माणूस जातो तेव्हा त्यामागे बहुधा असं काहीतरी असतं: यकृतातला आजार, किंवा हाडांतली मज्जा आजारानं व्यापलेली, किंवा उपचाराला झालेला उशीर.

दुसरी गोष्ट मज्जा. रक्त हाडांच्या मज्जेत तयार होतं आणि हा कॅन्सर हाडांतच पसरतो. काहींच्या स्कॅनमध्ये पाठीचा कणा, कंबरेची हाडं, बरगड्या, सगळंच उजळलेलं दिसतं. अशा माणसात औषध हाडांत जाऊन बसणार, आणि शेजारच्या उरल्यासुरल्या निरोगी मज्जेलाही झळ लागणार. केमोनं मज्जा आधीच थकलेली असते. म्हणून हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स कुठून सुरू होतायत याला फार महत्त्व आहे. हिमोग्लोबिन अकराचं असलेला माणूस आणि दर पंधरा दिवसांनी रक्त चढवावं लागणारा माणूस, या दोघांचा अनुभव सारखा होईल अशी अपेक्षाच चुकीची. व्हिजन चाचणीत ल्युटेशियम घेतलेल्यांपैकी सुमारे १३ टक्क्यांना गंभीर म्हणावा असा रक्तक्षय झाला. तुमच्या प्रश्नात बाबांचं हिमोग्लोबिन नाही. डॉक्टरांना भेटाल तेव्हा सगळ्यात आधी तेच विचारा.

तिसरी मूत्रपिंडं. प्रोस्टेटच्या रुग्णांत लघवी अडलेली असणं अगदी नेहमीचं. मूत्रपिंडाला सूज असेल तर औषध लघवीवाटे बाहेर पडण्याऐवजी तिथेच साचतं. आधी अडथळा काढायचा, नळी घालायची तर घालायची, आणि मगच डोस. यात आठवडा-दोन आठवडे गेले तर जाऊ द्या.

आकडे सांगते, कारण ते न सांगता कुणी ‘चांगला उपचार आहे’ म्हणालं तर त्यातून काही कळत नाही. व्हिजन चाचणीत ८३१ रुग्ण होते, बहुतेक बाबांसारखेच: हार्मोनच्या गोळ्या आणि केमो दोन्ही झालेले. नेहमीच्या उपचारासोबत ल्युटेशियम मिळालेल्यांचं मध्यक आयुष्य १५.३ महिने भरलं, न मिळालेल्यांचं ११.३. चार महिन्यांचा फरक. मध्यक म्हणजे निम्मे त्याच्या आत गेले आणि निम्मे त्यापुढे जगले. यातले काही बरंच पुढे जगले. पीएसए निम्म्यानं किंवा त्याहून जास्त उतरला तो ४६ टक्क्यांचा. हाड मोडणं, मणक्यावर दाब येणं अशा गोष्टी घडेपर्यंतचा काळ ६.८ महिन्यांवरून ११.५ वर गेला. तुमच्या बाबांची कंबर बघता मला हा शेवटचा आकडा जास्त मोलाचा वाटतो.

ऑस्ट्रेलियातल्या थेराप चाचणीत २०० रुग्णांत ल्युटेशियमची तुलना कॅबाझिटॅक्सेल या पुढच्या केमोशी केली. पीएसए निम्म्यानं उतरला तो ल्युटेशियमवर ६६ टक्क्यांचा, केमोवर ३७ टक्क्यांचा, आणि गंभीर त्रासही ल्युटेशियमवर कमी झाला. एकूण आयुष्य मात्र दोन्हींकडे जवळपास सारखंच निघालं. म्हणून कुणी बाबांना कॅबाझिटॅक्सेल सुचवलं तर ते वाईट सांगतायत असं समजू नका. कुठलं आधी आणि कुठलं नंतर, हे स्कॅन, मज्जा आणि बाबांची ताकद बघून ठरतं.

यानं आजार मुळापासून जात नाही, हे स्पष्ट लिहिते. वेदना कमी होणं, चालणं-फिरणं परत येणं आणि काही महिने, काहींना वर्षाहून जास्त, बरा काळ मिळणं, यासाठी हा उपचार आहे.

डोसच्या दिवशी काय होतं? बहुतेकांना वाटतं मोठं मशीन असेल, बोगद्यात झोपवतील. तसं काही नसतं. हाताला सलाइन लावलेलं असतं. शिशाच्या जाड डब्यातून औषध येतं, सहसा ७.४ गिगाबेकरेल, म्हणजे आमच्या वॉर्डातल्या भाषेत २०० मिलिक्युरी. काही मिनिटांत ते शिरेत जातं. दुखत नाही, जळजळत नाही. ‘झालं? एवढंच?’ असं बरेच जण विचारतात. त्यानंतर भरपूर पाणी प्यायचं आणि सारखी लघवीला जायचं. आपल्याकडे रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवतात. तिथल्या संडासाचं पाणी थेट गटारात न जाता खास टाकीत साठवून, किरणोत्सर्ग ओसरल्यावरच सोडलं जातं. घरी सोडताना आमचा माणूस एक मीटरवर उभा राहून मीटरनं किरणोत्सर्ग मोजतो. ठरलेल्या मर्यादेच्या आत आला की सुट्टी. काही ठिकाणी त्याच दिवशी, काही ठिकाणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

एकांतातली ती रात्र काहींना जड जाते. कानाला कमी ऐकू येतं, फोन नीट लावता येत नाही, नर्स दारातूनच बोलते. शिक्षा झाल्यासारखं वाटलं, असं एका आजोबांनी मला सांगितलं. त्यामुळे बाबांचा चष्मा, कानाचं यंत्र, चार्जर, रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि दोन जोड जुने कपडे पिशवीत भरून द्या, आणि दारातून का बोलतात ते आधीच समजावून सांगा.

ल्युटेशियम थोडे गॅमा किरणही सोडतं, म्हणून डोसनंतर गॅमा कॅमेऱ्यावर चित्र काढता येतं. ते बघायला मागा. औषध नेमकं कुठे जाऊन बसलंय ते त्यात दिसतं, आणि पीएसएमए स्कॅनशी जुळवून पाहिलं तर पुढच्या डोसबद्दल बरंच कळतं.

पुढचे दिवस. पहिल्या दोन-तीन दिवसांत दुखणं उलट वाढू शकतं. मार बसलेल्या गाठी सुजतात, म्हणून असं होतं. हे आधी ठाऊक नसलं की घरचे घाबरतात आणि ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणतात. दुखण्याच्या गोळ्या बंद करू नका. लागल्यास डॉक्टर थोडे दिवस स्टेरॉइड देतात. मळमळ व्हिजन चाचणीत ३५ टक्क्यांना झाली, साध्या गोळीनं आटोक्यात येणारी. थकवा ४३ टक्क्यांना आला. पहिला आठवडा गळून गेल्यासारखा, मग हळूहळू सावरणं, असं बहुतेक जण सांगतात. सुट्टीच्या आठवड्यात घरी पाहुण्यांची रीघ लागते. ती थांबवणं तुमच्या हातात आहे.

ज्यांना चांगला गुण येतो त्यांच्यात आधी काय बदलतं? पीएसएचा आकडा नंतर येतो. आधी झोप येते. कंबरेच्या दुखण्यामुळे खुर्चीत बसून रात्र काढणारे एक मास्तर पहिल्या डोसनंतर तिसऱ्या आठवड्यात आडवे झोपू लागले. पुढच्या वेळी त्यांच्या बायकोनं मला रिपोर्ट दाखवायच्या आधी हेच सांगितलं. मॉर्फिनच्या गोळ्या निम्म्यावर आल्या आणि बद्धकोष्ठता गेली, भूक लागू लागली. त्यांचा आजार हाडांत होता, स्कॅनमध्ये सगळीकडे सारखा उजळलेला, यकृत स्वच्छ, हिमोग्लोबिन चांगलं. म्हणजे वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टी त्यांच्या बाजूनं होत्या. वर्षभरानं आजार परत डोकं वर काढू लागला, हेही सांगायला हवं. पण ते वर्ष ते चालतेफिरते होते.

तोंड कोरडं पडण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण डॉक्टर ‘थोडं कोरडं वाटेल’ म्हणून पुढे जातात आणि रुग्ण रोज तीनदा जेवताना ते भोगतो. व्हिजन चाचणीत ३९ टक्क्यांना हा त्रास झाला, बहुतेकांना सौम्य. पण सौम्य म्हणजे काय? ज्वारीची भाकरी गिळवत नाही. चहाला चव लागत नाही. रात्री जीभ टाळूला चिकटते आणि जाग येते. डोस वाढत जातील तसं हे वाढू शकतं. तोंडाला बर्फ लावणं, गोळ्या चघळणं असे बरेच उपाय करून पाहिलेत. खात्रीनं रोखणारा एकही नाही. जेवण सुकर करता येतं: भाकरी आमटीत कुस्करून, ताकभात, मऊ खिचडी, पेज, जेवताना घोटघोट पाणी. ठेचा, लोणचं, तंबाखू, सुपारी बंद. रात्री उशाशी पाण्याचा तांब्या. लाळ कमी झाली की दात लवकर किडतात, म्हणून पहिल्या डोसच्या आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. बाबांना हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब चालू होणार असेल तर दात काढायची वेळ नंतर येऊ देऊ नका. त्या औषधांवर असताना दात काढला तर जबड्याचं हाड न भरून येण्याचा धोका असतो.

कुणी ‘अ‍ॅक्टिनियम जास्त जोरदार आहे, तेच द्या’ म्हणालं, तर एवढं लक्षात घ्या: ल्युटेशियमच्या जागी जोडायचं हे दुसरं किरणोत्सर्गी मूलद्रव्य अल्फा किरण सोडतं, ल्युटेशियम निष्प्रभ झाल्यावरही काहींना त्याचा उपयोग होतो, पण तोंड कोरडं पडण्याचा त्रास बराच जास्त. पहिली पायरी ती नव्हे.

आता नातवंड. या औषधाच्या अमेरिकी माहितीपत्रकातला सल्ला असा: घरातल्या मोठ्या माणसांशी दोन दिवस आणि लहान मुलं, गरोदर बायका यांच्याशी सात दिवस हातभर जवळीक टाळायची, साधारण एक मीटर अंतर ठेवायचं. झोपायची खोली मोठ्यांपासून तीन दिवस, मुलांपासून सात दिवस, गरोदर बाईपासून पंधरा दिवस वेगळी. तुमच्या केंद्राचा किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी लेखी सूचना देईल. त्या वेगळ्या असतील तर त्याच पाळा. दीड वर्षाचं मूल आजोबांकडे धावणारच, त्याला अंतर कळत नाही. शक्य असेल तर तो आठवडा बाळाला आजोळी ठेवा. तो आठवडा संपला की आजोबांनी त्याला खुशाल कडेवर घ्यावं. ल्युटेशियमची ताकद दर ६.६५ दिवसांनी निम्मी होते. सहा आठवड्यांनी पुढच्या डोसला याल तेव्हा शंभरातला सव्वा भागही उरलेला नसतो, आणि बराचसा भाग तर पहिल्या दोन दिवसांतच लघवीवाटे गेलेला असतो.

म्हणून खरी काळजी लघवीची. आपल्याकडचे वयस्कर पुरुष रात्री मोरीत उभ्यानं लघवी करतात. तेवढे दिवस ते नको. संडासातच, बसून, आणि नंतर दोनदा फ्लश किंवा दोन बादल्या पाणी. हात साबणानं. थेंब पडलेले कपडे वेगळे धुवायचे. कॅथेटर किंवा डायपर असेल तर पिशवी कशी रिकामी करायची, डायपर कुठे साठवायचे, हे सुट्टीच्या वेळी विचारून घ्या; घंटागाडीत लगेच टाकायचे नसतात.

आणि याची उलट बाजू. काही घरांत महिना-महिना माणसाचं ताट दाराशी सरकवून ठेवतात. हे बघून मला फार वाईट वाटतं. कॅन्सर लागट नाही, आणि हा किरणोत्सर्ग दिवसागणिक ओसरत जातो. भांडी नेहमीसारखी स्वच्छ घासली की पुरे. एक मीटर अंतरावर बसून गप्पा मारायला पहिल्या दिवसापासून काही हरकत नाही.

कराडहून मुंबई-पुण्याला येणार असाल तर परतीचा विचार आधी करा. भरलेल्या एसटीत सहा-सात तास अनोळखी बाईशेजारी बसणं योग्य नाही. ती गरोदर आहे की नाही तुम्हाला कळणार नाही. खासगी गाडी करा, बाबांना मागच्या सीटवर चालकाच्या तिरप्या बाजूला बसवा. धर्मशाळेत उतरणार असाल तर डोसनंतर तिथे राहता येईल का, हे वॉर्डात आधी विचारा. डिस्चार्ज कार्ड आणि किरणोत्सर्गी औषध दिल्याचं पत्र सोबत असू द्या. विमानतळासारख्या ठिकाणची यंत्रं अंगातला किरणोत्सर्ग टिपू शकतात. डोस ठरावीक तारखेसाठी मागवलेला असतो आणि तो साठवून ठेवता येत नाही, म्हणून बाबांना ताप आला, लघवी अडली तर त्याच दिवशी कळवा. खर्चाचं लेखी अंदाजपत्रक घ्या. सरकारी योजनेत किंवा विम्यात बसतं का, हे आरोग्यमित्राकडे आणि विमा कंपनीकडे डोसच्या आधी विचारा, नंतर नव्हे.

पीएसएबद्दल दोन वाक्यं. पहिल्या डोसनंतर तो थोडा चढला म्हणून लगेच हाय खाऊ नका, काहींचा नंतर उतरतो. आणि तो उतरला तरी वजन, भूक, रक्ताचे रिपोर्ट यांच्याकडे डोळेझाक करू नका. हार्मोनचं इंजेक्शन चालूच ठेवायचं असतं, ते आपल्या मनानं बंद करू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तुमच्यासाठीच आहे. बाबांची बीआरसीए जनुकांची तपासणी झालीय का? त्यात दोष निघाला तर ओलापारिबसारख्या गोळ्यांचा मार्ग त्यांना खुला होतो. शिवाय तो दोष जन्मजात असेल तर मुलांकडे येण्याची शक्यता निम्मी असते, आणि मुलीमध्ये त्यानं स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. वडिलांच्या धावपळीत मुली स्वतःला विसरतात. हे विचारून घ्या.

आता बाबांना न सांगण्याबद्दल. मी समजू शकते. त्यांनी धीर सोडू नये म्हणून तुम्ही हे केलंय. पण या उपचारात ते निभावत नाही. संमतीपत्रावर सही बाबांनीच करायची असते. खोलीच्या दारावर किरणोत्सर्गाचं पिवळं चिन्ह असतं, आत त्यांना एकटं ठेवायचं असतं, घरी नातवंडाला दूर ठेवायचं असतं. हाडं झिजलेल्या माणसाला हे सगळं कशाला, हा प्रश्न त्यांना पडणारच. आयुष्यभर घाटातून गाडी चालवलेल्या माणसाला समोर काय आहे ते कळलेलं आवडतं. माझा अनुभव असा की बहुतेकांना अंदाज आलेलाच असतो, आणि घरच्यांना वाईट वाटेल म्हणून तेही गप्प असतात. सगळं एका दमात सांगायची गरज नाही. ‘तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?’ असं विचारा आणि ते बोलतील तिथपासून पुढे सांगा. जमत नसेल तर आमच्यासारख्या डॉक्टरांवर सोडा, पण तुम्ही शेजारी बसा. मग त्यांना विचारा की या उपचारातून त्यांना काय हवंय. कुणाला तुळजापूरला जाऊन यायचं असतं, कुणाला फक्त रात्री झोपायचं असतं. डोस पुढे चालू ठेवायचे की थांबायचं, हे ठरवताना त्याच उत्तराचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

थांबायचं कधी? साधारण सहा आठवड्यांच्या अंतरानं चार ते सहा डोस ठरतात, पण ते पुरे केलेच पाहिजेत असं नाही. दोन डोसनंतर थांबून बघा. पीएसए चढताच, नव्या गाठी, दुखणं तेवढंच, तर पुढचा डोस ‘घेऊन तर बघू’ म्हणून घेऊ नका. प्लेटलेट्स सारख्या खाली येत असतील तरी थांबावं लागतं. उलट खूपच छान गुण आला आणि स्कॅन जवळपास स्वच्छ झाला, तर उरलेले डोस राखून ठेवण्याचा विचारही डॉक्टर करतात.

आणि एक लक्षण पाठ करून ठेवा, घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: पायांतली ताकद अचानक कमी झाली, कंबरेखाली बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर तो मणक्यातल्या मज्जारज्जूवरचा दाब असू शकतो. पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, रात्र असली तरी त्याच वेळी मोठ्या रुग्णालयात न्यायचं. स्टेरॉइड आणि बाहेरून दिलेलं रेडिएशन किंवा शस्त्रक्रिया वेळेत झाली तरच पाय वाचतात. बाबांची कंबर आताच इतकी दुखतेय, तर ल्युटेशियमच्या तारखेआधी मणक्याचा एमआरआय करायचा का, हे उद्याच विचारा. दुखण्यासाठी पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांची भेटही आत्ताच घ्या. मॉर्फिन म्हणजे शेवट आला असं नाही. ल्युटेशियम चालू असतानाही ते घेता येतं, आणि औषधाचा गुण दिसेपर्यंतच्या तीन-चार आठवड्यांत बाबांना झोप लागायला हवी.